पहाटेची शाळा

जून उजाडला की आमच्या सेलूत घराघरात एकच गडबड असते. वह्यांना कव्हरं घालायची, गेल्या वर्षीचं दप्तर शिवून घ्यायचं, छत्रीच्या काड्या बघायच्या. २०२० चा जून मात्र तसा आला नाही. माझी धाकटी तेव्हा सहा वर्षांची झाली होती. पहिलीत जाणार म्हणून गुलाबी दप्तर आधीच घेऊन ठेवलं होतं. ते खुंटीला तसंच लटकत राहिलं. शाळेला कुलूप, बाजाराला कुलूप, स्टेशनवर गाडीची शिट्टीसुद्धा नाही. आणि एके दिवशी मोबाइलवर निरोप आला की आता घरूनच शिकायचं.

आमच्या घरात मोबाइल एकच. तो दिवसभर ह्यांच्याबरोबर बाहेर. रात्री आठला घरी आला की त्यात सकाळपासूनचे धडे साचलेले. लेकरू तोवर पेंगायला लागलेलं. मग मी ठरवलं, मोबाइल गेला खड्ड्यात, मीच शिकवते. मी बीए झालेली बाई. पहिलीचं शिकवणं म्हणजे काय मोठं? अ, आ, इ आणि एक ते शंभर. दहा ते बारा अशी वेळ ठरवली, भिंतीला वेळापत्रक चिकटवलं आणि हातात फूटपट्टी घेऊन बसले.

मैत्रिणींनो, पंधरा दिवसांत मला कळलं की भाकरी थापणं निराळं आणि लेकराला अक्षर शिकवणं निराळं. तिचा क उलटा निघायचा. सहा आणि नऊची गल्लत व्हायची. त्यात पुण्याच्या नणंदेचा फोन यायचा, तिची मुलगी इंग्रजीतून वाचायला लागली म्हणे. फोन ठेवला की माझा आवाज चढायचा. एका दुपारी तर मी फूटपट्टी तिच्या बोटांवर मारली. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून पाटी काढली की तिचं पोट दुखायला लागलं आणि रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं.

सासूबाईंनी सगळं पाहिलं. बोलल्या काही नाहीत. तिला आपल्या कुशीत घेऊन झोपायला लागल्या, एवढंच.

त्याच दिवसांत शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाईंनी कुंपणावरून एक पुस्तक दिलं. कॅरीबॅगमध्ये घालून, वरून सॅनिटायझर फवारून! ते पंडिता रमाबाईंचं चरित्र होतं. शाळेत असताना दोन मार्कांच्या प्रश्नापुरतं हे नाव मी पाठ केलं होतं. आता दुपारच्या शांततेत वाचायला घेतलं आणि पहिल्या काही पानांतच अडकून पडले. कारण ही एवढी मोठी विदुषी लहानपणी शाळेत गेलीच नव्हती. तिची शाळा म्हणजे तिची आई.

गोष्ट सुरू होते रमाबाईंच्या वडिलांपासून. अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेल्या मराठी ब्राह्मण घराण्यातले. शिकायला पुण्यात आले. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवत. बाईमाणूस संस्कृत श्लोक म्हणते हे त्या तरुण विद्यार्थ्यानं ऐकलं आणि त्याच्या मनानं घेतलं की आपणही आपल्या बायकोला शिकवायचं. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते जमू दिलं नाही. ती वारल्यावर, पुढे कित्येक वर्षांनी, यात्रेत असताना गोदावरीच्या काठावर एका गृहस्थानं आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊ केली. तेव्हा शास्त्रीबुवांचं वय चव्वेचाळीस! आज आपल्या अंगावर काटा येतो. त्या काळात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. लोकांना खटकलं ते वेगळंच. ह्या मुलीला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवायला घेतलं ह्याचाच गहजब झाला. त्यांना धर्मपंडितांच्या सभेपुढे जाऊन आपली बाजू मांडावी लागली.

घरातल्या आणि गावातल्या विरोधाला कंटाळून शास्त्रीबुवा लहानग्या बायकोला घेऊन सह्याद्रीच्या जंगलात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी राहायला गेले. पहिली रात्र उघड्यावर काढली. दरीपलीकडे वाघ ओरडत होता. ती मुलगी पासोडीत स्वतःला गुंडाळून थरथरत पडून राहिली आणि नवरा रात्रभर राखण करत जागा राहिला. मग तिथंच झोपडी झाली, हळूहळू विद्यार्थी आले, आश्रम उभा राहिला. लक्ष्मीबाई घर सांभाळत, गुरंढोरं बघत, पाहुण्यांना जेवू घालत आणि उरलेल्या वेळात शिकत. तिथंच २३ एप्रिल १८५८ ला रमाबाईंचा जन्म झाला.

ती जेमतेम सहा महिन्यांची असताना घर मोडलं. येईल त्याला जेवू घालता घालता पैसा संपला होता. रमाला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली आणलं आणि तेव्हापासून हे कुटुंब तीर्थयात्रेला लागलं ते लागलंच. वडील, आई, थोरला भाऊ, बहीण आणि ही धाकटी. देवळात, धर्मशाळेत, झाडाखाली मुक्काम. पुराण सांगायचं आणि लोक जे देतील त्यावर पोट भरायचं.

रमा आठ वर्षांची झाली तेव्हा वडील थकले होते. थोरल्यांना त्यांनी शिकवलं होतं, हिला शिकवायची ताकद त्यांच्यात राहिली नव्हती. म्हणून आईनं शिकवायला घेतलं. पण वेळ कुठली काढायची? दिवसभर चालणं, स्वयंपाक, नवऱ्याची सेवा, यात्रेकरूंची ये-जा. लक्ष्मीबाईंनी पहाट निवडली. अंधार असतानाच त्या जमिनीवर झोपलेल्या लेकीला हलकेच उचलून मांडीवर घेत, लाडानं बोलत बोलत तिची झोप उडवत. पाखरं ओरडायला लागायची आणि धडा सुरू व्हायचा. हातात पुस्तक नाही. आई म्हणेल ते लेकीनं म्हणायचं. उजाडलं की शाळा सुटली, आई कामाला.

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या घरातली शाळा डोळ्यांसमोर आली. दहाचा ठोका, फूटपट्टी आणि पोटात दुखणारं लेकरू.

आठ ते पंधरा वर्षं वयापर्यंत ही पहाटेची शाळा चालली. त्यातून रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत झाले. व्याकरण पक्कं झालं. आणि ह्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वतःचं स्वतः शिकायची सवय लागली. पुढे आयुष्यभर त्या शिकतच राहिल्या. मराठी ही आईच्या तोंडची, कानडी, हिंदी, बंगाली फिरता फिरता कानावर पडलेली. आपल्याला आजकाल इंग्रजीची फार धास्ती असते. पोरगं तिसऱ्या वर्षी ए फॉर ॲपल म्हणालं नाही तर आपला जीव खालीवर होतो. रमाबाईंनी इंग्रजीचा नीट अभ्यास सुरू केला तो चोविशीच्या आसपास, पुण्यात आल्यावर. आणि १८८७ मध्ये, अमेरिकेत असताना, त्यांचं इंग्रजी पुस्तक छापून आलं. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती जगापुढे मांडणारं ते पुस्तक आजही वाचलं जातं. पाया पक्का असला की भाषा मागाहून येते, हे मला तिथं पटलं.

पण घरच्या शाळेचं नुसतं कौतुक करून मी थांबले तर ती अर्धी गोष्ट होईल. ह्याच शाळेत एक मोठी उणीव होती आणि ती रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. आईवडिलांनी मुलांना संस्कृत आणि पुराणं शिकवली, बाहेरच्या जगाचा वारा लागू दिला नाही. पोट भरण्याची कुठलीच विद्या दिली नाही. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकून झालं. भांडी गेली, दागिने गेले. भीक मागायची लाज आणि मजुरी करायची माहिती नाही. झाडपाला खाऊन दिवस काढले. शेवटी भावानं जातीचा ताठा सोडून मजुरी करायची तयारी दाखवली, पण तोवर उशीर झाला होता. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. आईला स्मशानात न्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. ती ठेंगणी, तिच्या खांद्याला तिरडी येईना, म्हणून तिनं आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. जिनं पहाटे मांडीवर घेऊन शिकवलं त्या आईला तिनं असं पोचवलं. तेव्हा तिचं वय सोळाच्या आसपास.

ह्या पानावर मी रडले. खोटं कशाला सांगू?

पुढे बहीणभाऊ दोघंच पायी हिंडले. थोडंथोडकं नाही, हजारो मैल. उत्तरेत थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नसायचं, तर नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून झोपायचे. जागोजागी मुलींना शिकवा, त्यांची लग्नं लवकर करू नका, असं सांगायचे. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी ह्या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. ज्या मुलीला आईनं झाडाखाली शिकवलं, तिच्यापुढे मोठमोठे शास्त्री चकित होऊन बसले.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, म्हणून नोंदणी पद्धतीनं. १६ एप्रिल १८८१ ला मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला पटकीनं नवरा गेला. लेक वर्षाचीही नव्हती. तिला कडेवर घेऊन रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सरकारनं नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी सांगितलं की मुलींना शिकवायला बायका शिक्षिका हव्यात, शाळा तपासायलाही बायका हव्यात आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात. आज गावोगावी ज्या शिक्षिका दिसतात, त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

१८८३ मध्ये त्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ह्यावरून पुढे महाराष्ट्रात त्यांच्यावर फार टीका झाली. तो वाद इथं उकरून काढत नाही. एवढंच सांगते की ज्या मठात त्या राहिल्या, तिथल्या जोगिणींनी मनोरमेला कुठली शिकवण द्यायची हे आपल्या हाती घेतलं, तेव्हाही रमाबाई गप्प बसल्या नाहीत. माझ्या लेकीचं मी ठरवणार, असा त्यांचा बाणा होता. मोठ्यांचं सगळं डोळे झाकून मान्य करायचं नाही, हेही त्या पहाटेच्या शाळेतच रुजलं असावं.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथंच दोन वर्षांहून जास्त राहिल्या. फिलाडेल्फियात त्यांनी लहान मुलांच्या शाळा पाहिल्या. जर्मनीच्या फ्रोबेल ह्या शिक्षणतज्ज्ञानं घालून दिलेली ती पद्धत, किंडरगार्टन म्हणजे बालोद्यान. ठोकळे, चेंडू, गाणी, माती, बागकाम ह्यातून लेकरानं शिकायचं. रमाबाईंनी त्या पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलं, मराठी मुलांसाठी वाचनपाठ तयार करायला घेतले. हातानं करत, खेळत शिकण्याचं महत्त्व आपल्याकडच्या एका बाईनं सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आणि इथंच माझ्या मनाला टोचणारी एक गोष्ट आहे. रमाबाई परक्या देशात लहान मुलांना कसं शिकवावं हे शिकत होत्या, तेव्हा त्यांची स्वतःची पाच वर्षांची मनोरमा त्यांच्याजवळ नव्हती. कामाच्या व्यापामुळे तिला परत इंग्लंडला त्या जोगिणींकडे पाठवावं लागलं होतं. आपल्या लेकीचं पहिलीचं वय त्यांच्या हातून निसटलं. एवढी मोठी बाई, पण तिलाही सगळं साधलं नाही. हे वाचून मला बरं वाटलं असं म्हटलं तर विचित्र दिसेल, पण थोडा धीर आला हे खरं.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. विधवा आणि निराधार मुलींसाठी राहण्याची आणि शिकण्याची सोय. अगदी सुरुवातीला आलेल्यांत गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. तीच पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी झाली. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हललं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. दौंडहून पुण्याकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं बघा, तेच. १९०० च्या सुमारास तिथं दोन हजारांच्या घरात माणसं होती. आणि तिथं नुसती अक्षरं शिकवत नव्हते. विणकाम, शेती, गाईगुरं, तेलघाणा, छापखाना, सगळं बायका चालवत. आपल्या आईवडिलांच्या शाळेत जे नव्हतं, ते रमाबाईंनी आपल्या शाळेत आणलं. उपासमारीनं शिकवलेला धडा त्या विसरल्या नव्हत्या.

मनोरमा मोठी होऊन आईच्या मदतीला आली. अंध मुलींना ब्रेल लिपी तिनं शिकवली. १९१२ मध्ये त्यांनी गुलबर्ग्याला शाळा काढली, तिची मुख्य मनोरमाच होती. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि आपलं सेलूही. त्या नात्यानं ही माणसं आपल्या अंगणापर्यंत आली होती म्हणायची. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. आईच्या आधी. त्यानंतर वर्षही झालं नाही, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंनीही डोळे मिटले.

पुस्तक वाचून झालं त्या संध्याकाळी मी भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. फूटपट्टी कपाटावर टाकली. महिनाभर पाटीचं नाव काढायचं नाही असं ठरवलं.

सासूबाईंचा जन्म निजामाच्या राजवटीच्या अखेरचा. शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत. पण जात्यावरच्या ओव्या त्यांना किती येतात ह्याची मोजदाद नाही. पहाटे उठून त्या देवापुढे गुणगुणत बसतात. मी लेकीला त्यांच्या शेजारी बसवलं. पहिल्या दिवशी ती मांडीवर झोपून राहिली. आठ दिवसांनी शेवटचा शब्द त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. महिन्याभरात दहा-बारा ओव्या तोंडपाठ! मग आम्ही सरकी मोजली, ज्वारीचे दाणे मोजले, टोपल्यातल्या भाकरी मोजल्या. चार भाकरीतली एक आबांनी खाल्ली तर किती राहिल्या, हे गणित तिला कधी अवघड गेलं नाही. अंगणातल्या मातीत काडीनं अक्षर काढायचं आणि पायानं पुसायचं. चुकलं तरी खूण राहत नाही, म्हणून भीती नाही.

थोडी मोकळीक मिळाल्यावर एका संध्याकाळी आम्ही स्टेशनकडे फिरायला गेलो. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात गावाचं नाव. ती थांबली. स, त्यावर मात्रा. ल, त्याला खाली मोठा उकार. बोट हवेत फिरवत फिरवत तिनं जोडलं आणि एकदम ओरडली, सेलू! तिनं आपणहून वाचलेला हा पहिला शब्द. घरी आल्यावर तिनं तो आजीला मातीत काढून दाखवला, आणि आजीच्या हातात काडी देऊन तिच्याकडूनही गिरवून घेतला. पंचाहत्तरीच्या सासूबाईंनी आपल्या गावाचं नाव पहिल्यांदा लिहिलं ते असं.

तरी सांगते, घरात सगळं होत नाही. डबा वाटून खाणं, रांगेत उभं राहणं, भांडणं आणि पुन्हा कट्टीची बट्टी करणं, हे मला शिकवता आलं नाही. शाळेची दारं पुन्हा उघडली तेव्हा ती दुसरीत गेलेली होती. पहिले दोन आठवडे माझा पदर सोडेना. वर्गात कुणाशी बोलायची नाही. ती उणीव भरून यायला वर्ष गेलं. म्हणून मी कुणाला शाळा सोडा असं म्हणणार नाही. लेकराला आईही लागते आणि शाळाही लागते.

आता ती मोठी झालीय. पुस्तकांवर पुस्तकं वाचते. परवा मी तिला विचारलं की ती फूटपट्टी आठवते का ग. ती म्हणाली आठवत नाही. खरंच आठवत नसेल, की मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, काय की. मी तिची माफी मागितली. ते मी त्याच दिवशी करायला हवं होतं.

तुमच्याही घरात ह्या जूनमध्ये एखादं पिल्लू पहिलीत जाणार असेल. त्याचा क उलटा निघेल, सहाचा नऊ होईल. शेजारणीचं पोरगं पुढे गेलेलं असेल. तेव्हा एकच करा. आवाज चढायच्या आधी, त्याला जरा मांडीवर घ्या.